तुम्ही विचारलंत म्हणून : पिवळ्या लाद्या

जपानहून आल्यापासून आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात जो भेटेल तो विचारतो, "पहिल्यांदाच परदेशी गेलात, तर सगळ्यात आधी काय नजरेत भरलं?" आणि मी काही बोलायच्या आत, "बुलेट ट्रेन कशी होती?" साहजिकच आहे. मुंबई-अहमदाबादची गाडी बडोद्यावरूनच जाणार आणि तीही जपानी तंत्रावरची. तर, गाडी उत्तम. तिथे ती 1964 पासून धावते आहे आणि वेळेला पक्की आहे. पण माझ्या नजरेत आधी भरल्या त्या जमिनीतल्या पिवळ्या लाद्या.

माझ्या आईला काचबिंदू आहे. तिची नजर कडेनं कमी होत होत आता मधल्या लहानशा गोलापुरती उरली आहे. त्यामुळे कुठेही गेलं की मी आधी पायाखाली बघते : पायरी कुठे, खड्डा कुठे. ओसाकाला भाची घ्यायला आली होती. ती भरभरून बोलत होती आणि मी खाली बघत चालले होते. फलाटापर्यंत एक पिवळी पट्टी आमच्या सोबतीनं येत होती. लादीवर लांबट उठावाच्या रेघा असल्या की पुढे चला, आणि गोल बुंदके आले की थांबा, समोर जिना, रस्ता किंवा फलाटाची कड आहे. पातळ चपलेतून दोन्हींतला फरक सरळ कळतो.

उमेदा स्टेशनात ऐन गर्दीच्या वेळी एक आजोबा पांढरी काठी घेऊन एकटे चालले होते. काठीचं टोक रेघांवरून सरकत होतं. बुंदके लागले तसे ते थांबले, पायानं चाचपलं आणि उजवीकडच्या पट्टीला वळले. कुणी हात धरला नाही, कुणी "अरेरे" म्हटलं नाही. पट्टीवर उभे होते ते बाजूला झाले, एवढंच. मी तिथेच उभी राहिले. आई एकटीनं बडोद्यातल्या न्यायमंदिर चौकापर्यंत शेवटची कधी गेली होती, ते मला आठवेना.

ही लादी ज्यांनी शोधली ते सेइइची मियाके ओकायामाचे, एका छोट्या उतारगृहाचे मालक. ओळखीच्या एका माणसाची दृष्टी जात होती, म्हणून त्यांनी 1965 साली पदरचे पैसे घालून ही लादी तयार केली. 18 मार्च 1967 रोजी तिथल्या अंधशाळेजवळच्या चौकात पहिल्या 230 लाद्या बसल्या. तिथून ती जगभर गेली, आपल्याकडेही आली. पण आपल्याकडे मी पाहिलेली पट्टी कधी विजेच्या खांबाला जाऊन भिडते, कधी तिच्यावर स्कूटर उभी असते. लादी तीच, तिच्यावर भरवसा ठेवून पाऊल टाकता येत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

भाचीच्या न्हाणीघरातही तेच. शाम्पूच्या बाटलीच्या कडेला बारीक खाचा, कंडिशनरची बाटली गुळगुळीत. डोळ्यांत फेस गेला तरी बोटांना कळतं. 1991 साली काओ कंपनीनं हे सुरू केलं, हक्क स्वतःपाशी ठेवले नाहीत, म्हणून बाकीच्यांनीही उचललं. दुधाच्या खोक्याला वरच्या कडेला अर्धगोल खाच असते, रसाच्या खोक्याला नसते. दारूच्या डब्यावर ब्रेलमध्ये "दारू" असं उठवलेलं असतं. यांतलं काहीही महागडं नाही. कुणीतरी बसून विचार केलेला आहे, आणि मला या देशाचं मोठेपण तिथे दिसलं.

घरी आल्यावर शाम्पूच्या बाटलीला दोन रबरबँड घातले. आईला फार आवडलं. लगेच म्हणाली, "मग दुधाची पिशवी आणि छाशची (ताकाची) पिशवी यांचं काहीतरी कर गं, दोन्ही हाताला सारख्याच लागतात. परवा छाशीचा चहा करणार होते मी." पिशव्यांवर रबरबँड टिकत नाहीत. सध्या छाशच्या पिशवीचा एक कोपरा कपड्यांच्या चिमट्यात धरून ठेवतो. तुम्हाला याहून बरं काही सुचलं तर जरूर सांगा.