तोच मारिओ, पण पुढचं किती दिसतं?

बेळगावात, शहापूरच्या खडेबाजारात माझं टीव्ही-मोबाईल रिपेरीचं छोटं दुकान आहे. शाळांना सुट्टी लागली की आईबाप मुलांना घेऊन येतात आणि काउंटरवर हात टेकून एकच गोष्ट विचारतात. गेल्या आठवड्यात येळ्ळूरच्या एका वहिनींनी विचारली ती अशी: "अण्णा, हातात धरून खेळायचं घेऊ काय टीव्हीला जोडायचं? दोन्हीत मारिओ हायच की ओ. गेम तर एकच न्हवं?"

गिऱ्हाईक उभं असताना दोन वाक्यांत जे सांगता येतं ते मी सांगतो, आणि नंतर दिवसभर वाटत राहतं की नीट सांगितलं नाही. म्हणून त्या प्रश्नाचं उत्तर आता सविस्तर लिहितो.

गेम एकच नाही. नाव एक, गाणं एक, मिशीवाला मारिओ तोच, कासवं तीच, पाईपही तेच. पण उड्या मारायच्या गेममध्ये उडीच्या आधी समोरची जमीन किती दिसते यावर सगळा खेळ असतो, आणि नेमके तिथेच दोन्ही वेगळे होतात.

माझी मारिओशी ओळख टीव्हीवरच झाली. आमचं घर वडगावात. मागच्या खोलीत दोन यंत्रमाग, पुढच्या खोलीत टीव्ही. माग चालू असले की टीव्हीचा आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून मारिओचं प्रसिद्ध गाणं मी धड ऐकलं ते माग बंद ठेवलेल्या एका रविवारी. आमचा व्हिडिओ गेम म्हणजे मारिओवाल्या निन्टेंडो कंपनीच्या १९८३ सालच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्राची नक्कल, त्या काळी गल्लीत दोन-तीन घरांत असायची तशी. कॅसेट (गेम असलेली प्लास्टिकची डबी) घालायची, टीव्हीमागची अँटेनाची वायर काढून गेमची लावायची आणि चित्र येईपर्यंत चॅनेल फिरवत बसायचं. चित्र आलं नाही तर कॅसेट काढून फुंकर. (रिपेरीवाला म्हणून सांगतो, फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्यानं पिना गंजतात. कॅसेट काढून परत बसवली की पिना नीट टेकतात, गुण त्याचा असतो.)

खेळायचो मी आणि माझी अक्का, पण बघायला सगळं घर. आजीला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी खड्डा माझ्याआधी तिला दिसायचा. "खड्डा आला बघ! उडी मार की रे!" ती जपाची माळ हातात धरून ओरडायची. आजीला खड्डा दिसायचा कारण तो पडद्याच्या उजव्या कडेला बराच आधी यायचा. तेवढा वेळ त्या खेळात मुळातच ठेवलेला होता. १९८५ साली शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो केला तेव्हा प्रत्येक खड्डा, प्रत्येक कासव टीव्हीच्या रुंदीचं माप धरून मांडलेलं होतं. आठ जगं, प्रत्येकात चार स्टेज, एकूण ३२. सेव्ह करायची सोय नाही. लाईट गेली की परत पहिल्यापासून.

हातातला मारिओ मला २००० साली मिळाला. मामा वास्कोला राहायचा, जहाजावर कामाला होता. त्यानं बाहेरून गेम बॉय कलर आणला आणि सोबत 'सुपर मारिओ ब्रदर्स डिलक्स'ची कॅसेट. आदल्याच वर्षी निघालेली, म्हणजे टीव्हीवरचा तोच मारिओ हातातल्या यंत्रासाठी केलेला. त्याच वर्षी बाबांचं दुखणं निघालं. दर पंधरा दिवसांनी त्यांना मिरजेला दवाखान्यात न्यावं लागे. आईला माग सोडून निघता येत नव्हतं, म्हणून सोबत मी. पॅसेंजरनं जायचं, पॅसेंजरनं यायचं. त्या फेऱ्यांत मी मारिओ पुन्हा पहिल्यापासून शिकलो.

आणि मला जमेना. घरी डोळे मिटून पार करायचो ती पहिली स्टेज, तिथंच दोनदा खड्ड्यात गेलो. बोटं तीच, बटणं तीच, उडीची उंचीही तीच. माझंच काहीतरी बिघडलंय असं वाटायला लागलं. कुडचीजवळ कृष्णेच्या पुलावर गाडी हळू झाली होती. बाबा खिडकीला डोकं टेकून पडले होते, त्यांनी मान वळवून यंत्राकडं बराच वेळ बघितलं. बाबा विणकर. जकार्डची नक्षी ग्राफपेपरवर एकेक चौकोन भरून काढण्यात त्यांचा जन्म गेला. ते म्हणाले, "नक्षी तीच हाय रे. पण कागद कापलाय ह्येंनी."

घरी आल्यावर मी त्यांच्याच ग्राफपेपरवर मोजून बघितलं. पुढे हाच धंदा धरल्यावर आकडे पक्के कळले. मूळ यंत्राचं चित्र २५६ ठिपके रुंद आणि २४० उंच. मारिओ ज्या विटांवर डोकं आपटतो तो एक ठोकळा १६ ठिपक्यांचा. म्हणजे टीव्हीवर आडवे १६ ठोकळे मावतात, उभे १५. गेम बॉय कलरचा पडदा १६० बाय १४४ चा. तिथं आडवे १० आणि उभे ९. एकूण २४० चौकोनांच्या कागदातले फक्त ९० उरले. करणाऱ्यांनी ठोकळे तेवढेच ठेवले आणि खिडकी लहान केली.

याचा खेळावर काय परिणाम होतो बघा. मूळ यंत्रावर पूर्ण वेगानं पळणारा मारिओ एका सेकंदात साधारण १५० ठिपके, म्हणजे नऊ ठोकळ्यांहून थोडं जास्त अंतर कापतो. तो पडद्याच्या मधोमध आहे असं धरलं तर टीव्हीवर त्याच्या पुढे आठ ठोकळे दिसतात. समोर खड्डा दिसल्यापासून त्यात पडेपर्यंत पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ हातात असतो. गेम बॉयवर पुढे पाचच ठोकळे, वेळ अर्धा सेकंद. बघणं, ठरवणं आणि बटण दाबणं, तिन्ही त्या अर्ध्या सेकंदात. उंचीचंही तसंच. वरच्या मजल्यावर काय आहे ते एका नजरेत येत नाही, म्हणून वर-खाली बटण दाबून दृश्य सरकवायची सोय द्यावी लागली. पळता पळता ते कोण करणार?

मग लोक मला विचारतात, म्हणजे हातातला वाईट का? मुळीच नाही. एक तर त्यात सेव्ह आहे, आणि पंधरा दिवसांनी एकदा गाडीत बसणाऱ्या मुलाला सेव्हची किंमत किती ते दुसऱ्या कुणाला समजणार नाही. रायबागला थांबवलेला खेळ पुढच्या फेरीत तिथूनच चालू. शिवाय करणाऱ्यांनी मनापासून भर घातलेली आहे. जगांचा नकाशा आहे. त्याच स्टेजमध्ये लपवलेली लाल नाणी शोधायचा वेगळा खेळ आहे. भुताबरोबर शर्यत आहे. आणि ३ लाख गुण झाले की १९८६ साली जपानात निघालेला मारिओचा महाअवघड दुसरा भाग उघडतो. टीव्हीवरच्या कॅसेटीत यातलं काहीच नव्हतं.

पण मला त्यानं सगळ्यांत मोठं काय दिलं असेल तर पाठांतर. टीव्हीवर मी बघून उडी मारायचो, हातातल्यावर आठवून मारायला लागलो. आठव्या जगाची पहिली स्टेज लांबलचक आहे. तिथं एका ठिकाणी रुंद खड्ड्याच्या मधोमध फक्त एका ठोकळ्याएवढी जागा आहे, त्यावर टेकून लगेच पुढची उडी. टीव्हीवर ती जागा दिसते, पलीकडचा काठ दिसतो. गेम बॉयवर मी डब्याच्या चाकांच्या ठेक्यावर ती उडी बसवली. परतीच्या गाडीत रायबाग सुटलं की अंधार पडायचा. त्या यंत्राच्या पडद्यामागे दिवा नसतो, बाहेरचा उजेड पडला तरच चित्र दिसतं. मी डब्यातल्या दिव्याखाली यंत्र तिरकं धरून उभा राहायचो. एकदा बाबांनी विचारलं, "दिसतंय काय तुला पुढचं?" मी म्हटलं, "न्हाई. पाठ झालंय." ते हसले. घटप्रभा येईपर्यंत मी ती स्टेज पार केली होती. उघड्या डोळ्यांनी टीव्हीवर जे दहा वेळा केलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा केल्यासारखं वाटलं.

कागद कापणं हा एकच उपाय होता असंही नाही. दहा वर्षं आधी, १९८९ साली, पहिल्या काळ्यापांढऱ्या गेम बॉयबरोबर 'सुपर मारिओ लँड' आला होता. पडदा तेवढाच, १६० बाय १४४. पण तिथं नक्षीच बारीक काढली. मारिओ चिमुकला, ठोकळे ८ ठिपक्यांचे. त्यामुळे आडवे २० ठोकळे दिसतात, टीव्हीपेक्षाही जास्त! स्टेज १२ च आहेत, पण त्या त्याच पडद्यासाठी मांडलेल्या आहेत. मला तो डिलक्सइतका आवडत नाही, मारिओ हवेतून फार पटकन खाली येतो. तरी खेळताना फसवल्यासारखं कधी वाटत नाही. खड्डा वेळेत दिसतो, मग पडलो तर चूक आपली.

याच्या उलट टोकाचं उदाहरण सेगा कंपनीच्या सॉनिक या गेमचं. १९९२ चा 'सॉनिक २' सेगाच्या घरच्या मास्टर सिस्टमवर आणि हातातल्या गेम गिअरवर असा दोन्हीकडे निघाला. दोन्ही यंत्रं आतून जवळजवळ सारखी, फक्त गेम गिअरचा पडदा लहान. पहिल्याच भागाच्या शेवटी सॉनिक उतारावर उभा असतो आणि समोरून गोळे टप्पे घेत येतात. मी पुढे कॉम्प्युटरवर दोन्ही शेजारी लावून खेळलो. मोठ्या चित्रात गोळा येताना दिसतो, किती उंच टप्पा घेणार ते कळतं. लहान चित्रात तो दिसेपर्यंत अंगावर आलेला असतो. गेम हातातला आहे म्हणून लहान मुलासाठी सोपा असेल, असं समजणाऱ्या आईबापांना मी मुद्दाम हे सांगतो.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यांना गेम बॉय कुठून मिळणार? आज बाजारात मिळतं ते '४०० इन १', काही शे रुपयांचं, तीन इंची पडद्याचं. ते अस्सल नव्हे, पण त्यात जुना टीव्हीवरचाच मारिओ घातलेला असतो आणि तिथं कागद कापलेला नाही, अख्खा कागद बारीक केला आहे. १६ च्या १६ ठोकळे दिसतात. फक्त एक ठोकळा ज्वारीच्या दाण्याएवढा होतो. तरुण डोळ्यांना चालतं, पण तासभर तसं बघत बसणं मला पटत नाही, आणि बाजूला बसलेल्याला तर काहीच दिसत नाही. निन्टेंडोचं २०१७ चं स्विच घेतलं तर भांडणच मिटतं. तेच यंत्र टीव्हीला लावा नाहीतर हातात धरा, जमीन दोन्हीकडे तेवढीच दिसते. पण त्या पैशात आमच्याकडच्या बऱ्याच घरांचा दोन महिन्यांचा किराणा येतो.

म्हणून मी त्यांना ४०० इन १ च दिलं, पण खोक्यातली वायर काढून दाखवली. पिवळी पिन टीव्हीच्या पिवळ्या छिद्रात, आवाजाची पांढऱ्यात. दुकानातल्या जुन्या टीव्हीला जोडून पोराला स्टुलावर बसवलं. हातातल्यावर तो पहिल्या खड्ड्याशी थबकून थबकून खेळत होता, टीव्हीवर दुसऱ्याच डावात पळायला लागला. वहिनी आधी दाराशी उभ्या होत्या. थोड्या वेळानं त्या त्याच्या खांद्यामागे आल्या आणि बोट दाखवून म्हणाल्या, "तिकडं कासव येतंय बघ रे, बावळ्या!" मी सांगितलं, शिकेपर्यंत टीव्हीवरच खेळू दे, घरात सगळ्यांना बघू दे. प्रवासात हातात द्या.

डिलक्सची ती कॅसेट अजून माझ्या काउंटरच्या खणात आहे. तिच्यात सेव्ह राखून ठेवणारा एक छोटा सेल असतो, तो गेल्या वर्षी उतरायला लागला. सेल नुसता काढला तर सगळं पुसलं जातं. मी बाहेरून तीन व्होल्टचा सप्लाय देऊन, हात न थरथरवता, जुना सेल काढला आणि नवा सोल्डर केला. मग गेम बॉय चालू करून बघितला. बाबांबरोबरच्या शेवटच्या फेरीत जिथं थांबवलं होतं, खेळ तिथंच होता. कुणाकडे अशी जुनी कॅसेट असेल आणि आतलं जपायचं असेल, तर सेलला हात लावायच्या आधी माझ्याकडे घेऊन या.