कांदेवाल्याच्या नजरेतून नेदरलँड्स

नेदरलँड्सला अभ्यासदौऱ्यावर जाणारा आपला शेतकरी बहुतेक वेळा काचघरातले टोमॅटो बघून, हरखून परत येतो. बघावेत, नाही असं नाही. पण निफाड-लासलगावकडच्या माणसाने आधी कुठे जावं असं कुणी विचारलं, तर मी झीलँड म्हणेन. नैर्ऋत्येचा हा प्रांत समुद्रालगत आहे, बरीचशी जमीन समुद्रसपाटीखालची, बांध घालून राखलेली. आणि त्या चिकणमातीत कांदा.

रोझेंडालहून व्लिसिंगेनकडे जाणाऱ्या गाडीने क्राउनिंगेन-येर्सेके या छोट्या स्टेशनवर उतरायचं. कांद्याचे पॅकिंग करणारे बरेच निर्यातदार याच पट्ट्यात आहेत. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर ही वेळ साधा, तेव्हा काढणी चालू असते. मार्च-एप्रिलमध्ये यंत्राने थेट बी पेरतात. रोपं नाहीत, लागवडीच्या मजुरांची शोधाशोध नाही. माल मोकळाच ट्रॉलीतून गोदामात येतो.

ते गोदाम मात्र सावकाश बघा, माझा निम्मा वेळ तिथेच गेला. आपली कांदाचाळ वाऱ्याच्या भरवशावर असते, इथे वारा माणसाच्या हुकमात. जमिनीत झडपांचे बोगदे, वर पुरुषभर उंचीच्या दुप्पट कांद्याचा ढीग, आणि मागच्या भिंतीत मोठे पंखे. आधी गरम हवा सोडून कांद्याची मान सुकवतात, मग बाहेरची थंड हवा घेत घेत ढिगाचं तापमान उतरवतात. ढिगात ठिकठिकाणी तापमापक खुपसलेले. कोंब येऊ नयेत म्हणून काढणीआधी शेतातच फवारणी झालेली असते. माल पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकतो. आपल्या उन्हाळ कांद्याची चाळीत होणारी घट आठवली की इथे पोटात कालवतं. यातलं सगळंच आपल्याला परवडणारं नाही, वीजबिलच खाऊन टाकेल. पण खालून हवा देण्याची रचना नीट समजून घ्या, तेवढी उचलण्यासारखी आहे.

पॅकिंगच्या शेडमध्ये 25 किलोच्या जाळीदार गोण्या पश्चिम आफ्रिकेसाठी भरत होत्या. या देशाच्या कांद्यातला जवळपास 90 टक्के माल बाहेर जातो. आपल्याकडे 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली, ती 4 मे 2024 ला उठली, तीही टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि 40 टक्के शुल्क लादूनच. तिथल्या निर्यातदाराला हा सगळा घटनाक्रम आपल्या आडत्याइतका पाठ होता. आपण बाजार सोडला की गिऱ्हाईक कुणाकडे वळतं, हे त्या गोण्यांकडे बघून कळलं.

आल्समेरचा फुलांचा लिलाव अॅमस्टरडॅमच्या विमानतळापासून जवळच आहे. चालवते शेतकऱ्यांचीच सहकारी संस्था, रॉयल फ्लोराहॉलंड. लिलावाची पद्धत आपल्या उलटी: भाव वरून खाली उतरत येतो आणि जो आधी बटण दाबेल त्याचा माल. एकेक सौदा काही सेकंदांचा. हल्ली बहुतेक खरेदीदार घरबसल्या संगणकावर बोली लावतात, त्यामुळे जुन्या फोटोंतली गजबजलेली गॅलरी डोळ्यांपुढे ठेवून जाऊ नका. खरी मजा खाली फुलांच्या गाड्यांची जी ये-जा चालते त्यात आहे. सात वाजताच पोहोचा, स्वेटर घाला. गुरुवारी काम लवकर आटोपतं आणि शनिवार-रविवारी बंद. हाताने बटण दाबून बघायचं असेल तर ब्रुक ऑप लांगेडाइकच्या संग्रहालयात जा. भाजीचा असा लिलाव तिथे 1887 साली सुरू झाला, पुढे शेतकरी होडीत माल घेऊन थेट लिलावघरात शिरत.

आल्समेरला विकल्या जाणाऱ्या गुलाबांतले कितीतरी केनिया-इथिओपियाचे असतात. इथेच या देशाची गोम आहे. 2023 मध्ये इथून सुमारे 124 अब्ज युरोंचा शेतमाल बाहेर गेला, पण त्यातला साधारण एक तृतीयांश बाहेरून आणून पुढे विकलेला. अख्खा देश क्षेत्रफळाने नाशिक जिल्ह्याच्या तिप्पटही नाही, तेव्हा एवढा माल उगवणार कुठे? आपली द्राक्षंही न्हावा शेवाहून रॉटरडॅमला उतरतात आणि जवळच्याच बारेंड्रेखटच्या आयातदारांकडून युरोपभर पसरतात. बंदर पाहायला मासव्लाक्टला 2025 मध्ये उघडलेलं पोर्टलँटिस केंद्र चांगलं आहे. आयातदारांचं शीतगृह मात्र ओळखीशिवाय दाखवत नाहीत. आपल्या निर्यातदाराकडून आधी ईमेल पाठवायला लावा.

काचघरांसाठी वेस्टलँड भागात जा. रॉटरडॅमजवळच्या पेर्निसच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पाइपने झाडांना येतो, ते एकदा बघाच. मात्र 2022 मध्ये गॅस महागला तेव्हा कित्येक काचघरं रिकामी राहिली होती, हेही विचारा. दौरे काढणारे सहसा सांगत नाहीत. गायीगोठ्यांतून होणाऱ्या नायट्रोजनच्या प्रदूषणावरून सरकारशी चाललेल्या भांडणाबद्दलही शेतकरी मोकळेपणाने बोलतात.

फिरणं सोपं आहे. रेल्वे, बस, ट्राम सगळीकडे स्पर्शाने चालणारं बँकेचं कार्ड चालतं, फक्त उतरल्यावर पुन्हा टेकवायला विसरू नका, नाहीतर जास्तीचे पैसे कापले जातात. शेतावर किंवा काचघरात जाताना ते देतील तो अंगरखा आणि बुटांवरची पिशवी घाला, पिकाला हात लावू नका, आणि दिलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दारात उभे राहा. सामानात पेढे, तूप, खव्याचं काही घेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत. आंब्यालाही वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. चिवडा, चटणी, भाकरीचं पीठ बिनधास्त न्या.