बाप्तिस्म्याचा रीटेक

लग्नाच्या फोटोग्राफीत एक वाक्य दिवसभर तोंडात असतं : "परत एकदा, इकडे बघून." हार परत घातले जातात, मंगळसूत्र बांधून झालं तरी नवरदेवाचे हात पुन्हा मानेमागे जातात. गुरुजीही सरावलेत, आम्ही मान हलवल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. त्यामुळे नाशिकच्या शरणपूर रोडजवळच्या एका चर्चमधून बाप्तिस्म्याची, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घ्यायच्या विधीची, ऑर्डर आली तेव्हा मी ती किरकोळ धरली होती.

सकाळी पोचलो तर व्यासपीठाच्या फळ्या काढून खालचा हौद उघडला होता आणि नळाला धार करंगळीएवढी. पाळकसाहेब काठावर बसून पाण्याची वाट बघत होते. मी लाइट लावायला कोरडी जागा शोधत होतो. ओल्या फरशीवरून वायर नेली असती तर भलताच बाप्तिस्मा झाला असता.

मुलगी बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला. घर पिढ्यान्‌पिढ्यांचं ख्रिस्ती. थोरल्या भावाचा बाप्तिस्मा तो तान्हा असतानाच, कपाळावर पाणी ओतून झालेला. हिच्या वेळी आई म्हणाली, मोठी होऊन हिचं ही ठरवेल. हे चर्च ज्यात येतं त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात दोन्ही चालतं. १९७० साली वेगवेगळ्या मंडळ्या त्यात एकत्र आल्या, त्यांत लेकरांना बाप्तिस्मा देणारे होते तसे न देणारेही होते.

"पण ही तर जन्मापासूनच ख्रिश्चन ना?" मी विचारलं.

"जन्माने कुणीच नसतं हो," पाळकसाहेब म्हणाले. "निकदेम म्हणून एक परूशी होता, म्हणजे यहुदी नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्यांतला, शिकलेला, मानमरातबाचा. रात्रीचा येशूकडे आला. येशू म्हणाला, नव्याने जन्मावं लागेल. हा विचारतो, म्हातारपणी आईच्या पोटात परत कसं शिरायचं? तर उत्तर आलं, पाण्यापासून आणि आत्म्यापासून. घराणं, शिक्षण, सगळं होतं त्याच्याकडे. ते उपयोगाचं नव्हतं." मग टिळकांवर आले. "कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, लगेच मागोमाग नाही गेल्या. काही वर्षांनी, स्वतःला पटल्यावर घेतला. नवऱ्याचा बायकोला लागू होत नाही."

"आणि पाण्यात बुडवायचं कशाला?"

"ही कबर आहे. प्रेषित पौल बायबलमधल्या पत्रात रोमकरांना लिहितो, बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो, त्याच्याबरोबर उठतो. पाण्यात जादू नाही, पाणी नळाचंच."

हौद तसा लांबट, माणूस आडवा मावेल एवढाच. हे ऐकल्यावर मी ठरवलेली फ्रेम बदलली. समोरून हसरा चेहरा टिपण्याऐवजी स्टूल घेऊन वरून घ्यायचं ठरवलं.

मुलीच्या पांढऱ्या झग्याच्या काठात आईने शिशाचे मणी शिवले होते, म्हणजे पाण्यात घेर फुलून वर येत नाही. असली हुशारी मी लग्नाच्या मेकअपवाल्यांकडेही पाहिली नव्हती. ती पायऱ्या उतरली, हात छातीशी, नाकावर रुमाल. पाळकसाहेबांनी एक हात पाठीमागे दिला. "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." ती मागे झुकली, पाणी तोंडावरून मिटलं, आणि धापा टाकत वर आली. सगळं मिळून दोन-तीन सेकंद. मी बर्स्ट मारला, एका दमात फोटोंची रांग.

काका व्हिडिओ कॉलवर दुबईच्या मामाला दाखवत होते. स्क्रीनवर चकरी फिरत होती.

"पाळकसाहेब, नेटवर्क गेलं होतं. एकदा परत घ्या ना, मामा बघतोय."

मी सवयीने कॅमेरा उचललाच. पाळकसाहेब कमरेइतक्या पाण्यात उभे. हसले, पण जागचे हलले नाहीत. "पुरून उठलेल्या पोरीला परत पुरू?"

"नुसतं कॅमेऱ्यापुरतं हो."

"विश्वास कबूल करताना तोंडाने काय म्हणता? एकच बाप्तिस्मा. परत बुडवलं तर पहिला खोटा ठरतो." मग भावाकडे बोट दाखवलं. "यानेही मागच्या आठवड्यात विचारलं होतं, बहिणीबरोबर मीही बुडी मारून घेऊ का. त्यालाही नाहीच म्हटलं. कपाळावर ओतलेलं पाणीही पाणीच."

काका मनातून नाराज झाले. मला मात्र हा नकार आवडला. आमच्या धंद्यात कुणी कॅमेऱ्याला नाही म्हणत नाही.

अल्बमसाठी मी केस पुसून झाल्यानंतरचे, पोज दिलेले फोटो वर ठेवले होते. मुलीने ते मागे टाकून वरून घेतलेला निवडला : डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, केस गालाला चिकटलेले. मामाला दुबईला बर्स्टचे सगळे फोटो पाठवले. काकांनी पुढच्या बाप्तिस्म्याला दोन कॅमेरे सांगितलेत, आणि चर्चचं वायफाय कसं आहे ते आधी बघून यायलाही.