एलबीएस म्हणजे कोण?

मुलुंडमधल्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, त्याचे दार लालबहादूर शास्त्री मार्गावर उघडते. पण त्या रस्त्याला पूर्ण नावाने हाक मारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. सगळे एलबीएस म्हणतात आणि जुनी मंडळी अजूनही आग्रा रोड. गेल्या वर्षी २ ऑक्टोबरच्या तयारीसाठी मी फलकावर गांधीजींच्या शेजारी शास्त्रीजींची कात्रणे लावत होते, तेव्हा आठवीतल्या एका मुलाने नाव वाचून विचारले, "मॅडम, एलबीएस म्हणजे हे?"

त्याच्यासोबतच्या दोघांना शास्त्रीजी माहीत होते, म्हणजे ताश्कंद माहीत होते. १० जानेवारी १९६६ रोजी करारावर सही आणि मध्यरात्र उलटल्यावर मृत्यू, हृदयविकाराचे अधिकृत कारण, न झालेले शवविच्छेदन, हे सारे त्यांनी मोबाइलवर पाहिले होते आणि ते विषाच्या संशयावर हिरिरीने बोलत होते. त्यांचे प्रश्न चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. परंतु शास्त्रीजींच्या जून १९६४ पासूनच्या पंतप्रधानपदाच्या एकोणीस महिन्यांतले त्यांच्यापाशी एवढे शेवटचे काही तासच होते, याचे मला वाईट वाटले. मी त्यांना १९५६ सालच्या अरियालूरच्या अपघातानंतर दिलेला रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा सांगितला, १९६५ च्या युद्धात संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांसोबतचे छायाचित्र दाखवले आणि 'जय जवान, जय किसान' ही घोषणा त्याच वर्षीची असल्याचेही सांगितले. मुलांनी माना डोलावल्या. माझे बोलणे धड्यासारखे होत चालले आहे, हे मलाच कळत होते.

वर्तमानपत्राच्या टेबलाशी रोज बसणाऱ्या, ऐंशी ओलांडलेल्या एक आजी तेवढ्यात म्हणाल्या, "आणि सोमवार सांगितला नाहीस का यांना?"

धान्याची टंचाई होती, पी.एल. ४८० करारातल्या अमेरिकन गव्हावर देश अवलंबून होता आणि ती मदत आखडती घेतली जात होती. त्या वेळी शास्त्रीजींनी लोकांना सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. शहरांतली अनेक हॉटेलेही त्या संध्याकाळी बंद राहू लागली. एवढे मला वाचून ठाऊक होते. परळच्या चाळीत नव्याने लग्न होऊन आलेल्या आजींच्या घरी मात्र वेगळाच पेच पडला होता. त्यांच्या सासूबाई पूर्वीपासून महादेवाचा सोमवार करीत, आणि आपल्याकडे तो संध्याकाळी जेवून सोडतात. आता पंतप्रधान सांगत होते, नेमके तेव्हाच जेवू नका. मग उपवास सोडायचा कधी? दोन सोमवार घरात यावरच खल झाला. अखेरीस सासूबाईंनी निकाल दिला की महादेव समजून घेईल, दुपारी दहीभात खाऊन सोमवार सोडायचा आणि संध्याकाळी चूल पेटवायची नाही.

"भूक लागली तर?" मुलाने विचारले.

"पाणी प्यायचे आणि लवकर निजायचे. तुझ्याएवढा माझा दीर होता, तो डब्यातले चुरमुरे चोरून खायचा. सासूबाईंना कळायचे, पण त्या बोलायच्या नाहीत." शास्त्रीजी गेल्याचे रेडिओवर ऐकल्यानंतरही सासूबाईंनी ती रीत बरीच वर्षे सोडली नाही, असे त्यांनी सांगितले. राजीनाम्याची किंवा युद्धाची एकही तारीख आजींना आठवत नव्हती.

मी फलकाच्या मधोमध लावलेले ताश्कंदचे मोठे कात्रण कडेला सरकवले आणि त्या मुलाला एक कोरे कार्ड देऊन आजींचे बोलणे त्याच्या अक्षरात लिहायला सांगितले. त्याने लिहिले, "सोमवारी रात्री सगळे उपाशी राहायचे." आजींनी चष्मा चढवून ते वाचले आणि त्याला 'उपाशी' हा शब्द खोडायला लावला. "उपाशी नव्हतो रे, जेवत नव्हतो," त्या म्हणाल्या. दोन्हींत फरक काय, हे त्याने विचारले, तेव्हा आजींनी शेजारची खुर्ची ओढून त्याला बसवून घेतले. वाचनालय बंद करायची वेळ होऊन गेली तरी ती दोघे तिथेच होती.