मालक आले

रविवारी सकाळी पावणेआठला माझा मोबाइल वाजला, की चहा गाळता गाळता आमची ही न बघताच सांगते, "अमरावती." आमच्याकडे भाडेकरूंना नावं नसतात, गावं असतात. आधी लातूर होतं, मग सांगली, मध्ये सात महिने भोपाळ, आणि गेली दीड वर्षं अमरावती. नवरा बँकेत, बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये, चार वर्षांचा एक मुलगा. माणसं गोड. "काका, झोपून तर नव्हते ना? नाही, ते गिझर चालूच नाही होऊन राहिलं." या 'होऊन राहिलं'मध्ये अशी काही माया आहे, की गिझर माझ्या पैशांनी दुरुस्त व्हायचा आहे हे फोन ठेवल्यावर लक्षात येतं.

सिंहगड रोडला, वडगाव बुद्रुकमध्ये आमचा एक वन बीएचके आहे. मुलासाठी म्हणून घेतला होता. मुलगा बंगळुरूला गेला तो गेलाच. बंद घर खराब होतं, असं सगळे म्हणाले, म्हणून भाड्याने दिला. भाड्याने दिलेलं घरही खराब होतंच, फक्त ते फोन करून सांगायला कुणीतरी असतं. एवढ्या भांडवलावर मी घरमालक झालो. शब्द मात्र अजून अंगाला बसत नाही, कारण आमच्या घरात तो शिवीसारखा वापरला जायचा.

मी वाढलो शनिवार पेठेत, वाड्यात. मागच्या चौकात आमच्या दोन खोल्या, वाड्यात एकूण सात बिऱ्हाडं, भाडं महिना १४ रुपये. मालक म्हणजे अण्णा, पुढच्या चौकात राहायचे. कान भलते तिखट. वाड्यात कुठेही हातोडीचा ठोका पडला, की दुसरा पडायच्या आत जिन्यावर त्यांच्या चपला वाजायच्या. "भिंत मातीची आहे हो! खिळा ठोकायचा तर विचारायची काही रीत?" म्हणून आमच्याकडे खिळे दिवाळीत ठोकले जायचे. लक्ष्मीपूजनाला बाहेर फटाक्यांची लड लागली, की वडील हातोडी घेऊन स्टुलावर चढायचे आणि आई खालून एकेक खिळा द्यायची. कॅलेंडर, आरसा, छत्र्या, दत्ताची तसबीर. वर्षभराची भिंत त्या दहा मिनिटांत.

पुढे अण्णांनी आमच्याकडून भाडं घेणंच बंद केलं. ही उदारता नव्हती. भाडं थकलं असं कोर्टात दाखवता आलं, तर खोल्या खाली करून मिळण्याची आशा होती. वडीलही कच्चे नव्हते. ते दर महिन्याला अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडून पुढच्या चौकातल्या अण्णांना १४ रुपयांची मनीऑर्डर करायचे. पोस्टमन यायचा, अण्णा 'घेण्यास नकार' म्हणायचे, आणि काही दिवसांनी तेच १४ रुपये मागच्या चौकात परत. कमिशन तेवढं बुडायचं. नकाराचे ते कागद वडिलांनी एका फायलीत लावून ठेवले होते, मुंज-लग्नाचे फोटोही इतके नीट लावले नव्हते. गणपतीत मात्र अण्णांकडची आरती वडीलच सांगायचे, कारण मंत्रपुष्पांजली त्यांच्याइतकी स्वच्छ वाड्यात कुणाला येत नव्हती.

आता भाडेकरू ही जात कागदावरून गेली. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मी 'लायसेन्सर' आणि अमरावती 'लायसेन्सी'. यातलं लिव्ह म्हणजे रजा नव्हे, परवानगी. घर त्यांना भाड्याने दिलेलं नाही, वापरायची मुभा दिली आहे, असा सगळा मामला. तोही अकरा महिन्यांचा. अकराच का, हे मी एजंटला विचारलं तर तो म्हणाला, "काका, तसंच असतं." खरं कारण असं, की १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी एक महिना कापला. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती पळवाट बुजवली. आता मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदवलेला हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि चुकलात तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अकरा महिने मात्र तसेच राहिले. सासू गेली तरी तिने लावलेली शिस्त घरात राहते, तसे.

नोंदणी आता घरबसल्या होते. एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. अमरावतीचे दोन्ही अंगठे पहिल्या फटक्यात लागले. फ्लॅट दोघांच्या नावावर असल्याने हिचाही अंगठा हवा होता, आणि तो काही केल्या उमटेना. चाळीस वर्षं भांडी, पीठ, चिंच. यंत्र लाल दिवा दाखवून गप्प. मुलगा म्हणाला, "काकू, अंगठा जरा कपाळाला घासा." तेलकटपणा लागतो म्हणे. मग हिने कपाळ, केस, शेवटी फोडणीच्या चमच्याला बोट लावून पाहिलं. सातव्या खेपेला हिरवा दिवा लागला. कैदेचं कलम मी तेवढ्यात वाचून दाखवलं होतं, त्याचाही परिणाम असेल.

अमरावतीच्या आधी दोन मुली घर बघायला आल्या होत्या. नोकरी करणाऱ्या, साताऱ्याकडच्या, नीटनेटक्या. त्यांनी मोरीतला नळ आधी सोडून बघितला, तिथेच मला त्या आवडल्या. पण सोसायटीत कुजबुज सुरू झाली, की फॅमिलीच द्या. खरं तर उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, नुसतं कळवावं लागतं. ना-वापर शुल्कही, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी मी त्या मुलींना "घरातच लागणार आहे आता" असं खोटं सांगितलं. अण्णा निदान तोंडावर बोलायचे.

आता ओलीविषयी. मागच्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्यांनी मला बोलावलं. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. बाथरूममध्ये नेऊन त्यांनी बॅटरीचा झोत छतावर टाकला. पोळीएवढी ओल, आणि तिच्याभोवती पेन्सिलने आखलेल्या कडा. एकात एक पाच. प्रत्येक कडेवर बारीक अक्षरात तारीख. "दर रविवारी आखतो," ते म्हणाले. "वाढीचा वेग बघा तुम्ही." एक शब्द वर चढवला नाही. त्या तारखा बघून मी नकळत "सॉरी सर" म्हणालो.

पहिल्या प्लंबरने दारातूनच निदान केलं, सगळी फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने. दुसरा म्हातारा होता. त्याने नहाणी ट्रॅप चिंध्या कोंबून बंद केला, बाथरूममध्ये चार बोटं पाणी साठवलं, भिंतीवर खुणेची रेघ मारली आणि म्हणाला, "उद्या येतो. कुणी पाय घालायचा नाही." चोवीस तास. तिघांच्या अंघोळीचं काय, असा पेच पडला, तर खालचेच म्हणाले, आमच्याकडे पाठवा. म्हणजे अमरावती टॉवेल खांद्यावर टाकून खाली गेली आणि आपल्याच ओलीखाली उभी राहून अंघोळ करून आली. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवर जसंच्या तसं. म्हणजे फरशी निर्दोष, गुन्हेगार भिंतीतला पाइप. कमोडमागच्या दोन टाइल्स फोडल्या, सांधा सापडला, बदलला. पण पंधरा वर्षांपूर्वीची टाइल आता कुठे मिळणार? आता तिथे निळ्या फुलांच्या भिंतीत दोन कोऱ्या पांढऱ्या टाइल्स आहेत, दोन दात पडल्यासारख्या. खालचे अजून रविवारी बॅटरी मारतात. कड पुढे सरकलेली नाही, पण पुसलीही नाही त्यांनी.

त्या रात्री मी हिशेब मांडला. भाडं १४,५०० रुपये, वर्षाचे १,७४,०००. त्यातून मेंटेनन्स आणि ना-वापर शुल्क मिळून २३,४००. घरपट्टी ९,०००, कारण राहत्या घराला महापालिकेची ४० टक्क्यांची सवलत आहे, भाड्याने दिलेल्याला नाही. एजंटचं एक भाडं १४,५००. भोपाळने घर सोडल्यावर ते महिनाभर रिकामं होतं, तेही १४,५००. रंग २२,०००. हा पाइप, टाइल्स आणि खालच्यांचं छत मिळून १८,०००. उरले ७२,६००. फ्लॅटची किंमत आज ४५ लाखांच्या घरात सांगतात. ही शेजारी बसून कॅल्क्युलेटर बघत होती. "एफडी बरी," म्हणाली आणि दिवा मालवला.

अंधारात मला एकदम अण्णांचा हिशेब सुचला. सात बिऱ्हाडांचे सगळ्यांचे १४ धरले तरी महिना ९८ रुपये. त्यातले आमचे तर ते घेतच नव्हते. १९४७ च्या भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला खिळून ठेवली होती, आणि आमच्या खोल्या आजोबांनी त्याच्याही आधी घेतलेल्या. पावसाळ्यात कौलांतून धार लागली, की आई पातेली मांडायची आणि मला पुढच्या चौकात पिटाळायची. मी म्हणायचो, "अण्णा, आमच्याकडे गळतंय." ते वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, "भाडं बघा आणि पाऊस बघा." हे वाक्य आमच्या घरात कंजूषपणाचा नमुना म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पाहुण्यांसमोर मी त्याची नक्कलही करायचो. ९८ रुपयांत किती कौलं येतात, हे आमच्यापैकी कुणी कधी मोजलं नाही. अर्थात सकाळी नऊच्या ठोक्याला अण्णा नळाची चावी फिरवायचे, सात बिऱ्हाडांच्या बायका बादल्या घेऊन उभ्या असायच्या, तो हिशेब वेगळा. तो अजून माफ नाही.

टाइल्स बसल्या का, ते बघायला मी वडगावला गेलो. बेल वाजवली. आतून धावत येणारी पावलं, आणि दार उघडून अमरावतीच्या धाकट्याने घरात आरोळी ठोकली, "मम्मीऽऽ, मालक आले!"

माझ्या पाठीमागे कुणी आहे का, म्हणून मी वळून बघितलं. खरंच बघितलं.

"काका म्हणावं बेटा," ती ओशाळून म्हणाली आणि चहा ठेवायला वळली. मी टाइल्स बघितल्या, नळ बघितला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. डोळे आपोआप भिंतीवर गेले. गेल्या वर्षीचा रंग, २२,००० चा. करारात 'भिंतींना खिळे ठोकू नयेत' हे कलम मीच घालायला लावलं होतं, त्याआधी सांगलीने सतरा भोकं ठेवून घर सोडलं होतं म्हणून. घड्याळ चिकटणाऱ्या हुकावर होतं. कॅलेंडर सेलोटेपवर, एक कोपरा सुटून लोंबलेला. सगळं शिस्तीत. पण दाराच्या वर, तोरणाच्या आड, एक नवा कोरा खिळा चमकत होता. मी काही बोलणार नव्हतो. पण तोंडातून निघालं, "खिळा ठोकायचा तर विचारायची..." आणि पुढचे शब्द जिभेवर आले तेव्हा ते माझ्या आवाजात नव्हते.

"घाला हो," मी घाईघाईने म्हणालो. "तोरणाला लागतोच."

"दोन घातले काका," ती म्हणाली. "एक पलीकडून पण आहे. तोरण एका खिळ्यावर राहून नाही राहिलं."

आज नऊ तारीख. भाडं पाचला जमा होतं. अमरावती कधी चुकत नाही, बँकेतलाच माणूस. सकाळी मी मोबाइलवर लिहिलं, 'भाडे जमा झालेले दिसत नाही.' पुसलं. 'वेळ मिळेल तसे भाड्याचे बघाल का?' हे फारच गरीब वाटलं. वडिलांना भाडं देण्यासाठी किती खटपट करावी लागायची, मला ते मागायला शब्द सापडेना. करारात सगळी कलमं आहेत. मुदत संपून घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं घेता येतं, हेसुद्धा कायद्यात आहे. चार दिवसांच्या उशिराला काय लिहावं, हे कुठेच नाही. शेवटी मी लिहिलं, 'नमस्कार. सगळे ठीक ना?' आणि पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं. 'हो काका, एकदम मस्त!! गिझर पण चालू झालं.' खाली जोडलेले हात, तीनदा.

"काय म्हणाले?" हिने आतून विचारलं.

"गिझर चालू झालं म्हणे."