आमची वाटचाल : परळच्या एका लॅबमधील बुरशीच्या तपासण्या

परळ भागात आमची पॅथॉलॉजी लॅब सुरू झाली तेव्हा इतर छोट्या लॅबप्रमाणे हिमोग्राम, साखर, थायरॉइड आणि पावसाळ्यातील मलेरिया-डेंग्यू यांवरच आमचा गाडा चालत असे. व्यवहार मी पाहतो, एम. डी. मायक्रोबायोलॉजी असलेली माझी थोरली बहीण रिपोर्ट तपासून सही करते. बुरशीच्या आजारांकडे आम्ही वळलो ते आसपासच्या छातीरोगतज्ज्ञांमुळे. क्षयाचा कोर्स पूर्ण केलेले रुग्ण काही वर्षांनी पुन्हा खोकला, घटलेले वजन आणि थुंकीतून रक्त अशा तक्रारी घेऊन त्यांच्याकडे येत, परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडत नसत. अशांपैकी काहींच्या फुफ्फुसात जुन्या क्षयाने पडलेल्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढलेली असते. थुंकीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ती दरवेळी उगवतेच असे नाही; रक्तात मात्र तिच्याविरुद्धची आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे (शरीराने बुरशीविरुद्ध तयार केलेली प्रथिने) बहुतेक रुग्णांत आढळतात.

प्रारंभी आम्ही जेल पद्धत वापरली. अगारच्या थरात पाडलेल्या एका खड्ड्यात बुरशीचे प्रतिजन (प्रतिपिंडे ज्याला चिकटतात तो तिचा अंश), शेजारच्या खड्ड्यात रुग्णाचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) घालायचे आणि दोन-तीन दिवस वाट पाहायची. प्रतिपिंडे पुरेशी असतील तर दोहोंच्या मध्ये पांढरी बारीक रेघ उमटते. ती रेघ दिव्यासमोर धरून पाहण्यात ताईची नजर तयार होती, पण नजरेवर धंदा वाढत नाही, म्हणून पुढे एलायझा, म्हणजे प्रतिपिंडांचे प्रमाण रंगावरून यंत्राने मोजणारी चाचणी, आणली. तिच्या प्लेटमध्ये ९६ खाचा असतात, त्यांतल्या काही स्टँडर्ड आणि कंट्रोल या पडताळणीच्या नमुन्यांत जातात, आणि उघडलेले किट फार दिवस टिकत नाही. एकट्या नमुन्यासाठी प्लेट लावणे छोट्या लॅबला परवडत नाही. त्यामुळे सीरम वेगळे करून आम्ही गोठवून ठेवतो आणि आठवड्यातून एकदाच चाचणी लावतो. कल्याण-विरारहून लोकलने बर्फाच्या डब्यातून आलेल्या नमुन्याचा रिपोर्ट त्याच संध्याकाळी मागणारी मंडळी यावर नाराज होतात, आणि त्यांचे म्हणणे मला समजते.

तरीही आमच्या कामाला खरे वळण लावले ते मशीनने नव्हे, एका कागदाने. रुग्णाची माहिती भरलेला फॉर्म नसेल तर बुरशीची प्रतिपिंड चाचणी लावायची नाही, असा नियम ताईने केला. दम्याच्या रुग्णात अ‍ॅलर्जीचा प्रश्न असेल तर एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडे) आणि अ‍ॅस्परजिलसची विशिष्ट आयजीई पाहावी लागते, तर पोकळी असलेल्या रुग्णात आयजीजी. चिठ्ठीवर नुसते ‘अ‍ॅस्परजिलस अँटीबॉडी’ लिहिलेले असले तर यांपैकी काय हवे ते कळत नाही. केमोथेरपीमुळे ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्याचे शरीर प्रतिपिंडे तयारच करू शकत नसेल, तर निगेटिव्ह रिपोर्ट डॉक्टरांची दिशाभूल करतो. तेथे गॅलॅक्टोमॅनन हे बुरशीचे प्रतिजन शोधणे योग्य. उलट, या बुरशीचे बीजाणू आपण सारेच रोज श्वासातून घेतो, त्यामुळे आयजीजी थोडी वाढलेली दिसली तरी सीटी स्कॅन आणि लक्षणे यांची साथ असल्याशिवाय तिला रोग म्हणता येत नाही. या नियमापायी काही गिऱ्हाईक गेले. त्याची मला आजही हळहळ वाटते, ताईला वाटत नाही.

२०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीची रक्ततपासणी आहे का, असे विचारणारे फोन दिवसभर येत. पॅकेज करून विकले असते तर तेव्हा काहीही खपले असते. परंतु म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचे, निदान करणारी भरवशाची प्रतिपिंड चाचणी नव्हती, आणि गॅलॅक्टोमॅननही त्या बुरशीला पकडत नाही. नाकातील किंवा सायनसमधील ऊतकाचा तुकडा काढून तो पोटॅश लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि बायोप्सी करणे हाच मार्ग होता, म्हणून आम्ही फोनवरच लोकांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे धाडत होतो.

सध्या आमच्यापुढे दोन कामे आहेत. बहुतेक किट अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसवर बेतलेली असतात, परंतु भारतात फ्लेवस या जातीमुळे होणारे आजारही पुष्कळ, आणि फ्युमिगेटसच्या चाचणीत ते निसटू शकतात. अशा संशयित रुग्णांचे सीरम आता फ्लेवसच्या प्रतिजनाबरोबरही तपासायचे आहे. दुसरे काम उपचारांवर असलेल्या रुग्णांचे. आयजीजी सावकाश उतरते, त्यामुळे महिन्या-महिन्याला चाचणी करून घेण्यात त्यांचा पैसा वाया जातो. काही महिन्यांच्या अंतराने आलेला नवा नमुना गोठवलेल्या जुन्या नमुन्यासोबत एकाच प्लेटवर लावून तुलना द्यावी, असा ताईचा आग्रह आहे, आणि त्यासाठी आणखी एक डीप फ्रीझर कोठे ठेवायचा यावर आमच्या अडीच खोल्यांच्या लॅबमध्ये सध्या वाद चालू आहे.