बटण कपाटामागे होतं

अंक प्रेसला जायच्या दिवशी कथा लांबली की मी आधी वर्णनालाच कात्री लावते, जुनी सवय आहे, संवाद कापला की लेखक भांडायला येतात आणि वर्णन कापलं तर बऱ्याच जणांच्या लक्षातही येत नाही. त्या दिवशी पण तेच केलं. आई गेल्यावर घर रिकामं करायला आलेले बहीण-भाऊ, साधीच कथा, शंभरेक शब्द जास्त होत होते, म्हटलं खोलीचा पॅरा उडवू.

त्यात होतं काय तर अंधार पडतो, भाऊ दिव्याच्या बटणासाठी भिंत चाचपत बसतो आणि बहीण न बघताच कपाटामागे हात घालून दिवा लावते. मग कपाट उघडताना दार पलंगाला अडतं म्हणून ती अंग चोरून आत हात घालते. बस, एवढंच.

आमचा डीटीपीवाला पान लावता लावता कथा वाचतो (खरं सांगू, प्रूफ बघणाऱ्यांपेक्षा बारकाईने). म्हणाला, "मॅडम, ही बाई शेवटी एवढी का खेकसते? तो बिचारा मदतच करतोय की."

चमकलेच मी. शेवटी ती भावाला म्हणते, "तुला काय माहितीये या घरातलं?" पहिल्यांदा वाचताना तिथे पोटात कालवलं होतं, आता ती नुसती कजाग वाटत होती. आईचं सगळं तिने एकटीने केलं हे कथेत कुठेच लिहिलेलं नाही, ते त्या बटणात होतं, आणि तेच मी कापलेलं.

त्यात लेखनाच्या वर्कशॉपमध्ये अमेरिकन लेखक हेमिंग्वेची १९२७ सालची ती स्टेशनवरची कथा, 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स', मीच शिकवते! दोन रूळमार्गांच्या मधलं स्टेशन, एकीकडे रखरखाट, दुसरीकडे शेतं आणि नदीकाठची झाडं, गाडी यायला चाळीस मिनिटं, आणि गाडीची वाट बघणारे ते दोघं, एक पुरुष आणि एक मुलगी, ज्यावरून कुढतायत त्याचं नाव कोणीच घेत नाही. पोरांना सांगते, आधी जागा नीट बघा. स्वतः काय केलं ते वर लिहिलंच आहे.

पॅरा परत घातला. त्याबदल्यात सुरुवातीचं आभाळ काढलं, काळे ढग, उदास वारा, रडवेली संध्याकाळ वगैरे, ते कुणाच्याही कथेवर चाललं असतं, या दोघांचं ते नव्हतंच. तरी दोन ओळी जास्तच होत होत्या, तर डीटीपीवाल्याने चित्र जरा लहान केलं.

मग पान परत वरपासून वाचलं आणि म्हणाला, "हां, आता बरोबर चिडली."